सगळ्यांना होय

१

लोकांना देखणं करणं हा त्याचा धंदा होता. आसपासचे स्टुडिओवाले फोटो पाठवायचे आणि तो घरबसल्या, खिडकीजवळच्या टेबलाशी संगणक लावून, कुणाच्या गालावरचे डाग पुसायचा, कुणाचे मिटलेले डोळे उघडायचा, कुणाच्या पोटाचा घेर आवरायचा. हात चांगलाच बसला होता. मूळ फोटो जपून ठेवण्याची भानगड मात्र त्याला ठाऊक नव्हती. सुधारलेला फोटो जुन्यावरच चढवायचा, की काम फत्ते. दोन-दोन ठेवून गोंधळ कशाला, असं तो म्हणायचा.

फोटो यायचे ते दाबून, आवळून, एकाच फाइलीत कोंबलेले. जग त्याला झिप म्हणतं. या घरात त्याला गाठोडं म्हणत, आणि ते बारसं त्याच्या दुसरीतल्या लेकीनं केलं होतं. एकदा पाठीमागून डोकावत ती म्हणाली, "अहो बाबा, हे तर गाठोडं आहे. सोडा की."

'अहो बाबा' हाही तिचाच शोध. आई त्यांना 'अहो' म्हणते, मग आपण का मागे राहायचं? पहिल्यांदा दोघं हसली, तिथेच चुकलं. त्यानंतर तिनं साधं 'बाबा' कधी म्हटलंच नाही.

शाळेत तिला दुसरं काही नाव होतं. घरात ती भिंगरी. नुसती उभी असली तरी स्वतःभोवती गिरक्या घ्यायची. रोज सकाळी तिची आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, तिला पुढ्यात पाठमोरी उभी करून दोन वेण्या घालायची, तेव्हा घरात जो आरडाओरडा व्हायचा तो शेजाऱ्यांना घड्याळासारखा उपयोगी पडे. "अगं, डोकं ठेव एका जागी! भांग कानावर चाललाय!" की भिंगरी गर्रकन वळणार, आणि कंगवा केसांत तसाच लोंबकळणार.

गाठोडं सोडताना संगणक कधीकधी विचारतो: या नावाचं इथे आधीच आहे, बदलायचं का? खाली तीन बटणं असतात. होय, नाही, सगळ्यांना होय. त्यानं तो मजकूर आजवर पुरता वाचला नव्हता. चौकट दिसायच्या आत बोट 'सगळ्यांना होय'वर पडलेलं असे.

"काय विचारलंय ते तरी बघत जा," बायको म्हणायची. "कुणी घर मागितलं तरी होय म्हणाल."

"आजवर काही बिघडलंय का?"

"मला बघायला आलात तेव्हाही मान खाली घालून होय म्हणालात."

"त्यात कुठे फसलो?"

"तुम्ही कशाला फसाल? फसले ती मी."

भिंगरीला हे संवाद पाठ होते. शेवटचं वाक्य ती आईच्या बरोबरीनं म्हणायची, हात नाचवत, फिरत फिरत.

२

एका सकाळी आलेल्या गाठोड्यांत एकाचं नाव होतं 'स्वयंपाकघर'. पाठवणाऱ्याचं नाव नाही, निरोप नाही. स्टुडिओवाल्याला कुठली तरी जाहिरात मिळाली असेल, असं समजून त्यानं ते सोडलं. चौकट आली. बोटानं आपलं काम केलं. आत बघतो तर काहीच नाही, रिकामं. तो स्टुडिओवाल्याच्या नावानं करवादला आणि पाणी प्यायला उठला.

नळ उघडेना. पुन्हा जोर लावला. मग सहज उलटीकडे फिरवला, तर पाणी आलं.

चमचे वरच्या खणात नव्हते, खालच्यात होते. हे आपण समजून घेऊ, बायकांना खण बदलायची हुक्की येते. पण शेगडीजवळ ओट्यावर एक काळा गोल डाग असायचा, तो आता नव्हता. लग्नानंतर नवी नवी असताना बायकोनं तापलेलं पातेलं थेट ओट्यावर टेकवलं होतं आणि त्यावरून दोघांचं पहिलं भांडण झालं होतं. त्यानं ओल्या हातानं ती जागा चाचपून पाहिली. गुळगुळीत होती. फोटोतला डाग तो जसा पुसायचा, अगदी तशी, कुठे सांधा दिसत नव्हता.

"ओट्यावरचा डाग कशानं काढलास?"

"कुठला डाग?"

"पातेल्याचा. आपलं भांडण नव्हतं का झालं?"

बायकोनं वळून पाहिलं. "आपलं पहिलं भांडण तुमच्या आत्यावरून झालं होतं. आणि ते पातेलं-बितेलं काय? बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"आणि नळ?"

"नळाला काय झालं?" तिनं येऊन नळ फिरवला, त्याच्या दृष्टीनं उलटा, आणि भांडं भरून त्याच्या हातात दिलं. "इतकी वर्षं या घरात राहताय, आणि नळ कसा उघडायचा ते विचारताय."

त्यानं स्टुडिओवाल्याला फोन लावला. तो खो-खो हसला. "मी स्वयंपाकघराचे फोटो पाठवले? लोकांची तोंडं संपली का, म्हणून आता ओटे काढू? झोप घ्या जरा, डोळे गेलेत तुमचे."

डोळे दमलेत, हे त्याला पटलं. दिवसभर दुसऱ्यांचे डाग पुसणाऱ्याला आपल्या घरातलाही एखादा पुसला गेल्याचा भास होणारच. नळाचं मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं नळाचा विचार सोडून दिला.

३

दुसरं गाठोडं आलं ते 'बाहेरची खोली' या नावानं.

इथे शहाण्या माणसानं हात आखडता घेतला असता. पण आपण वेडे नाही हे सिद्ध करण्याची माणसाला भारी हौस असते. त्यानं खुर्ची फिरवली आणि संगणकाची ही खोली डोळ्यांत साठवून घेतली. पंखा फिरताना किरकिरतो. खिडकीची एक काच तडकलेली आहे. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, भिंगरीच्या उंचीच्या, सगळ्यात खालची ती पहिल्यांदा आधाराविना उभी राहिली त्या दिवसाची. ती रेघ वाकडी आली होती, कारण तेवढ्यातही ती हलली होती. सगळं मनाशी नीट घोकून त्यानं गाठोडं सोडलं. चौकट आली. 'होय' म्हटल्याशिवाय पारख कशी होणार? तो होय म्हणाला.

पंख्याची किरकिर थांबली. बंद पडला असं नाही, फिरत होता, पण आवाजाविना. त्याला मान वर करायला बराच वेळ लागला. काच अखंड होती. चौकटीजवळ जाऊन त्यानं बोट फिरवलं, मग नखानं खरवडलं. स्वच्छ, कोऱ्या लाकडावर एकही रेघ नव्हती.

तो तिथेच खाली बसला आणि त्याला रडू कोसळलं. तुम्ही म्हणाल, रेघांसाठी एवढं? पण उंची पुन्हा मोजता येते, आधाराविना पहिल्यांदा उभं राहणं पुन्हा मोजता येत नाही. आणि ते त्यानं एका पैजेवर उधळलं होतं, पैजही स्वतःशीच लावलेली.

संध्याकाळी भिंगरी चौकटीला पाठ लावून उभी राहिली. "अहो बाबा, माझी उंची घ्या ना. माझ्या रेघा कुठे गेल्या?"

म्हणजे तिला आठवत होत्या. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी बाहेरही आला. घरात आठवणारी ती दोघंच होती.

"रंग दिला," तो म्हणाला. "नव्या काढू."

"आईला विचारलं, तर म्हणते रेघा नव्हत्याच कधी." भिंगरीनं एक गिरकी घेतली. "आई पण ना!"

४

त्यानंतर तो रोज देवाला हात जोडावे तसा संगणक उघडायचा. आणि एका दुपारी ते आलंच. नाव होतं 'भिंगरी'.

शाळेतलं नाव असतं तर एक वेळ त्याला काही समजूत काढता आली असती. पण हे नाव घराच्या भिंती सोडून कुणाला माहीत नव्हतं. त्यानं माउस हातातही धरला नाही, कीबोर्डवर जपून, एक बोट पुढे करून ते पुसून टाकलं. नेटची वायर उपटली. पडदा काळा केला. मग कपडे चढवून तो थेट संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात गेला.

दुरुस्तीवाला एका उघड्या डब्यात डोकं घालून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं, म्हणजे जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं.

"नको असलेलं आलं, तुम्ही पुसलं. मग झालं की. बिन रिकामा केलात ना?"

"काय?"

"अहो, रिसायकल बिन. कचऱ्याची टोपली. पुसलेलं कुठे जातंय? टोपलीत पडून असतं. कुणीही उचलून परत ठेवू शकतं."

त्याला टोपली ठाऊक नव्हती असं कसं म्हणावं? चांगली ठाऊक होती. भिंगरी संगणकावर चित्रं काढायची, तो जागा अडते म्हणून ती टोपलीत टाकायचा, आणि ती शाळेतून आल्या आल्या पहिलं काम काय करायची, तर टोपली उपसून आपली चित्रं परत काढायची. या खेळाची त्याला इतकी सवय होती की त्यानं टोपली कधी रिकामीच केली नव्हती.

शाळा सुटायची वेळ होऊन गेली होती. तो धावत सुटला. जिन्यात त्याला धाप लागली, किल्ली कुलपात जाईना, आणि दार उघडंच होतं.

भिंगरी त्याच्या खुर्चीत बसली होती. बसली होती, हे मी मुद्दाम सांगतो आहे. पाठ ताठ, पाय जुळवलेले, हात मांडीवर. पडदा उजळलेला होता.

"टोपलीत माझ्या नावाचं गाठोडं होतं," ती म्हणाली. "मी परत काढलं आणि सोडलं."

"त्यानं... काही विचारलं?"

"हो."

"मग तू काय म्हणालीस?"

"सगळ्यांना होय. तुम्ही म्हणता तसं."

ती हललीच नाही. मग तिनं नम्रपणे विचारलं, "उठू का, बाबा?"

बाबा. नुसतं बाबा.

५

तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. ताटातलं संपवायची, दप्तर जागेवर ठेवायची, हाक मारली की पहिल्या हाकेला यायची. पायऱ्यांवरून आपटल्याची हनुवटीवरची खूण जागच्या जागी होती. फक्त हसताना ती आधी समोरच्याकडे बघायची, हसायचं आहे ना, अशी.

"शेजारच्या काकू विचारत होत्या," बायको कौतुकानं म्हणाली. "म्हणे, हल्ली सकाळी तुमच्याकडून आवाज येत नाही. पोर शहाणी झाली हो एकदाची."

"तुला ही... तीच वाटते?"

"म्हणजे?"

"ही फिरत का नाही?"

"मोठी होतेय. जन्मभर का फिरत बसणार आहे?" ती हसली, पण तिचं हसणं अर्ध्यावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वेण्या घालून झाल्यावर मुलगी शाळेत गेली आणि बायको स्टुलावर तशीच बसून राहिली. तो पाणी प्यायला आत आला, नळ आधी चुकीच्या बाजूला फिरवला, मग बरोबर. मागे बघतो तर ती कंगवा हातात धरून रडत होती.

"काय झालं?"

"काही नाही. काय झालंय तेच कळत नाही मला." तिनं पदर डोळ्यांना लावला. "आज एकदाही ओरडावं लागलं नाही हो. अगदी सरळ भांग पडला. इतका सरळ भांग तिचा कधी..." ती कंगव्याच्या दात्यांवरून बोट फिरवत राहिली. "माझं पोर जवळ असून मला त्याची आठवण येतेय. असं कुणाला होतं का?"

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला सगळं सांगून टाकावं असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण सांगणार काय, की पोरीनं होय म्हटलं आणि होय म्हणायला मी शिकवलं? त्यापेक्षा, त्यानं ठरवलं, पोरगी परत आणू.

६

युक्ती सरळ होती. एका गाठोड्यानं नेली, तर दुसऱ्या गाठोड्यानं आणता येईल. भिंगरीचे जन्मापासूनचे फोटो त्याच्याच संगणकात होते. ते सगळे दाबून एकात कोंबायचे, नाव द्यायचं 'भिंगरी', आणि सोडायचं.

रविवारची दुपार होती. ती आतल्या खोलीत पलंगावर बसून होती, बस म्हटलं होतं म्हणून. बायको स्वयंपाकघरात होती. त्यानं फोटो उघडले आणि एकेक बघत गेला.

फोटो पुष्कळ होते, आणि एकापेक्षा एक सुंदर. हनुवटीवरची खूण एकाही फोटोत नव्हती, त्यानं ती पुसली होती. पडलेल्या दाताची खिंड त्यानं भरून काढली होती. विस्कटलेली बट बसवली होती. एका फोटोतलं हसू फार गोड आलं होतं, म्हणून तेच उचलून इतर फोटोंनाही लावलं होतं. मूळ एकही नव्हतं, सगळ्यांवर चांगलं चढवलेलं. आणि फिरतानाचे? ते हललेले यायचे, धुरकट, चेहरा फाटल्यासारखा. ते तो लगेच टाकून द्यायचा. व्हिडिओही जागा खातात म्हणून त्यातलं एखादं स्थिर चित्र काढून घ्यायचा आणि बाकीचं फेकायचा. बायकोचा मोबाइलही त्यानंच साफ केला होता. राहिली होती ती समोर बघणारी, न हललेली, नीट हसणारी एक मुलगी, शेकडो वेळा तीच.

तरी निम्मी-अर्धी का होईना, आपली तर येईल, असं त्यानं मनाला समजावलं. बाप झाला तरी माणूसच, किती दिवस त्या शहाण्या पोरीचं 'बाबा' ऐकून घेणार? त्यानं गाठोडं बांधलं आणि सोडलं.

चौकट आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ती अक्षर न् अक्षर वाचली. 'भिंगरी' या नावाचं इथे आधीच आहे. बदलायचं का? खाली बारीक अक्षरांत होतं: आधीचं परत मिळणार नाही.

आधीचं म्हणजे ती पलंगावरची. तिला कोण परत मागणार आहे, असं म्हणून त्यानं होय म्हटलं.

आतल्या खोलीत पलंग किंचित वाजला. मग फरशीवर पावलं वाजली नाहीत, आणि ती दारात उभी होती.

हनुवटी नितळ होती. दात एकसारखे होते. गोड हसू, ते एकच, ओठांवर बसवलेलं. आजूबाजूला सावली नव्हती, जणू खिडकीतला उजेड तिच्यापर्यंत आधीच कुणी सारखा करून ठेवला होता.

"भिंगरी?"

ती हसत होती.

"म्हण की. अहो बाबा म्हण. एकदाच." तो खुर्चीतून पुढे झुकला. "आई काय म्हणते? फसले ती... सांग ना, फसले ती कोण?"

फोटोंना आवाज नसतो. ती त्याच्याकडे बघत होती, पापणी न हलवता. एकदा तिनं मान किंचित कलती केली, आणि तो फोटोही त्याला ओळखू आला, गेल्या वाढदिवसाचा.

"फीर, बाळा," तो कुजबुजला. "एक गिरकी घे."

ती जागची हलली नाही.

स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. "भिंगरी, ये गं, वेण्या सुटल्यात बघ तुझ्या. घालते पुन्हा."

मुलीनं त्याच्याकडे बघत मान पुन्हा तशीच कलती केली. जाऊ का, असं विचारल्यासारखी. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण तो शब्द त्याच्या जिभेला कधी लागलेलाच नव्हता.

ती निघाली. वळली मात्र नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून, तेच हसू ठेवून, ती एकेक पाऊल मागे मागे सरकत राहिली, बाहेरच्या खोलीतून बोळात, बोळातून स्वयंपाकघराकडे. बोळाच्या वळणावर ती क्षणभर तिरपी झाली. तेवढ्यात त्याला तिच्या कानामागे पलीकडची भिंत दिसली. कानाला लागूनच होती, मध्ये ना डोकं, ना वेण्या, काही नव्हतं.

एकही फोटो पाठमोरा नव्हता. पाठमोरे फोटो कोण ठेवतं?

त्याला ओरडायचं होतं, धावायचं होतं, बायकोचे डोळे झाकायचे होते. त्यातलं काहीच न करता तो खुर्चीत बसून होता. आतून बायकोचा आवाज आला, लाडातला, हसरा, कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा.

"अगं वेडाबाई, अंधारातून अशी उलटी काय येतेस? हो, आता बरी उभी राहिलीस. थांब, केस..."

कंगवा फरशीवर पडला.

पंखा आवाज न करताच फिरत होता. आणि मग बायकोनं त्याला हाक मारली, अगदी हळू, लहान मुलीसारख्या आवाजात.

"अहो..."